उणे अठरा अंशांची बेगमी

बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान असताना घरासाठी उणे अठरा अंश विकत घ्यायला निघालेला माणूस शहाणा नसतो, हे मला आज मान्य आहे. पण त्या वेळी तसं मला कोणी सांगितलं नाही. ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी उत्तेजनच दिलं, आणि ज्यांना विचारलं नव्हतं त्या शेजारच्या वसंतरावांनी सर्वांत जास्त दिलं.

झालं असं की आमची आई साठ दिवसांच्या व्हिसावर बार्शीहून अबूधाबीला आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिने जाहीर केलं की ही तिची शेवटची खेप. गुडघे साथ देत नाहीत. विमानतळावर मैलभर चालवतात. आणि एवढं करून इथे येऊन दिवसभर खिडकीतून समोरच्या व्हिलाची पाण्याची टाकी बघत बसायचं, त्यापेक्षा आपली बार्शी बरी. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की वाद घालायला मला कुठे जागाच सापडली नाही. मला फार वाईट वाटलं. म्हणून ऑफिसला उशीर होतोय असं सांगून मी घराबाहेर पडलो. वाईट वाटलं की मी असंच करतो.

चौथ्या दिवशी तिने आमच्या फ्रिजचा वरचा कप्पा उघडला. आत सुपरमार्केटमधले पराठे, मटार, आणि आमच्या ओवीचे नगेट्स. ओवी नऊ वर्षांची आहे, इथेच वाढली आहे, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते, आणि जेवणात नगेट्स सोडून दुसरं काही फारसं मान्य करत नाही. आईने चष्मा लावून पराठ्याच्या पाकिटावरची तारीख वाचली आणि पाकीट पुन्हा जागच्या जागी ठेवलं. ओवी तिला समजावायला म्हणाली, "इट्स फ्रोझन, आजी. इट नेव्हर गेट्स ओल्ड." आईने तिच्याकडे, मग माझ्या बायकोकडे, म्हणजे ईश्वरीकडे, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून समोरची टाकी पाहू लागलो.

त्या दिवशी संध्याकाळी बेत ठरला. आई परत जाणार होती, पण जाण्याआधी वर्षभराचं करून ठेवणार होती. पुरण, कोथिंबीरवडीचे उंडे, अळूवडीचे उंडे, मासवड्या, भरल्या वांग्यांचा मसाला, ओलं खोबरं, आमरस, गुळपोळ्या, सगळं. "मी नसले तरी ताटात काहीतरी माझं पडेल," ती म्हणाली. मी म्हणालो, जागा करू, उणे अठरा अंशांचा मोठा फ्रीझर घेऊ.

त्या आठवड्यात आमच्या घरात 'फ्रीझ' हा शब्द इतक्या वेळा बोलला गेला की आईने त्याची चौकशीच सुरू केली. कारण हा शब्द आमच्याकडे नुसता खाण्याला लागत नाही. माझी पगारवाढ तीन वर्षं फ्रीझ आहे. कंपनीत नवी भरती फ्रीझ आहे, त्यामुळे दोन माणसांचं काम मी एकटा करतो. ओवीचा टॅब दर संध्याकाळी फ्रीझ होतो, आणि खेळताना कोणी 'फ्रीझ' म्हटलं की तिने स्वतः पुतळा व्हायचं असतं. ईश्वरी ज्या फार्मसीत काम करते तिथल्या मुली एसी बावीसवर गेला की फ्रीझ होतात, आणि तेव्हा दाराबाहेर डांबर चपलेला चिकटत असतं. आईला हे पटेना. तिच्या हिशेबाने तूप थिजतं, पाणी गोठतं, माणूस गारठतो, म्हातारं माणूस काकडतं, आणि पगार नुसता थांबतो. एवढ्या निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द वापरणारी माणसं आळशी असली पाहिजेत, असं तिचं मत पडलं. ओवीने हे सगळे शब्द वहीत इंग्लिश अक्षरांत उतरवून घेतले आणि विचारलं, मग टॅबला काय होतं. आई म्हणाली, तो बिघडतो.

आता मुद्दा फ्रीझरचा. मी मुसाफ्फाच्या, म्हणजे अबूधाबीच्या औद्योगिक भागातल्या, एका एसी कंपनीत सीनिअर सेल्स कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे एसी कसा चालतो हे मला माहीत नसलं तरी तो कधी पोचेल हे मी खात्रीने खोटं सांगू शकतो. पण बार्शीत मी एसीचा इंजिनीअर म्हणून ओळखला जातो, आणि हा गैरसमज दूर करायची संधी मला पंधरा वर्षांत मिळालेली नाही. त्यामुळे थंडीची कोणतीही गोष्ट घरात यायची तर ती माझ्या सल्ल्याने येणार, हे गृहीत होतं.

माझा सल्ला वसंतराव देतात. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या ज्या व्हिलात आम्ही तळमजल्यावर राहतो, तिथे आमच्या शेजारच्या भागात वसंतराव आणि प्रमिलाताई राहतात. वसंतरावांचा काँट्रॅक्टिंगचा धंदा आहे आणि त्यांना गल्फमध्ये एकतीस वर्षं झाली आहेत. ही एकतीस वर्षं ते कोणत्याही वाक्याच्या सुरुवातीला ठेवू शकतात. त्यांचं म्हणणं असं की नवा फ्रीझर घेणं म्हणजे मूर्खपणा, हल्लीचा पत्रा पापडासारखा असतो. घ्यायचा तर सुपरमार्केटमधून निघालेला जुना, जाडजूड, झाकणाचा. आणि तो मुसाफ्फात नाही, कारण मुसाफ्फात लुटतात. त्यासाठी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातच जायला हवं, तिथे त्यांची ओळख आहे. मुसाफ्फा आमच्यापासून दहा मिनिटांवर. शारजा दीडशे किलोमीटर. मी अंतराचा उल्लेख केला तेव्हा वसंतराव म्हणाले, "एकतीस वर्षांत मी एकदाही फसलो नाही." प्रमिलाताई तिथेच भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारी वसंतरावांच्या पिकअपमधून आम्ही निघालो, पुढे वसंतराव आणि आई, मागच्या अरुंद सीटवर मी. आई येणारच म्हणाली. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती कांदेसुद्धा घेत नाही. शारजाला एका गल्लीत दोन्ही बाजूंना जुनी वॉशिंग मशीनं, ओव्हन आणि फ्रीझर रांगेने उभे होते, आणि त्यांच्यामध्ये रिझवान नावाचे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. वसंतरावांनी त्यांना मिठी मारली. त्यांनीही मारली, पण नंतर हळूच मला विचारलं, ये साहब कौन हैं.

आईने फ्रीझर निवडायची पद्धत मी या धंद्यात असूनही पाहिली नव्हती. ती प्रत्येक फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घालून मनातल्या मनात शंभर मोजायची, मग बाहेरून माठ वाजवून बघावा तसा पत्रा वाजवायची. पाचव्या फ्रीझरपाशी ती म्हणाली, हा. रिझवानभाईंनी साडेसहाशे सांगितले. "साडेसहाशे दिरहम म्हणजे पंधरा हजार रुपये," आईने मोठ्याने हिशेब केला आणि ती पिकअपकडे चालायला लागली. गुडघ्यांमुळे ती सावकाश चालत होती, त्यामुळे पिकअपपर्यंत पोचेस्तोवर भाव पाचशेवर आला. "यल्ला, अम्माजी, पाँच सौ, खलास," रिझवानभाई म्हणाले.

मी ऐटीत कार्ड काढलं. ते चाललं नाही. पुन्हा घातलं, पुसून घातलं, दुसऱ्या बाजूने घातलं. मग बँकेला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवून बँकेतल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की माझ्या नव्या ओळखपत्राची प्रत त्यांच्याकडे आलेली नाही, म्हणून माझं अकाउंट फ्रीझ केलं आहे. फोन स्पीकरवर होता. आईने ते ऐकलं, कमरेची पिशवी सोडली आणि आल्या दिवशी मी तिला खर्चायला दिलेल्या नोटा, त्याच घडीत, रिझवानभाईंच्या हातावर ठेवल्या. फ्रीझर चढवून झाल्यावर रिझवानभाईंनी मला त्यांचं कार्ड दिलं आणि म्हणाले, काही लागलं तर इतकं लांब येऊ नका, माझ्या भावाचं दुकान मुसाफ्फात आहे, मी अर्धा आठवडा तिथेच असतो. पत्ता वाचला तर तो माझ्या ऑफिसच्या मागची गल्ली निघाला. परतीच्या दीडशे किलोमीटरमध्ये वसंतरावांनी एकतीस वर्षांचा उल्लेख केला नाही.

व्हिलाच्या फाटकाशी नातूरने, म्हणजे आमच्या रखवालदाराने, आम्हाला अडवलं. मोठी वस्तू आत न्यायची तर एनओसी पाहिजे. ज्यांनी या देशात दिवस काढले नाहीत त्यांना सांगतो, एनओसी म्हणजे कोणाची हरकत नाही असं लिहून देणारा कागद, आणि तो मागितला की आजवर ज्यांना तुमचं अस्तित्वही माहीत नव्हतं अशा लोकांना हरकती सुचू लागतात. फ्रीझर पार्किंगमध्ये उतरवला आणि मी मालकाच्या एजंटच्या ऑफिसात गेलो. त्यांना भाडेकरार हवा होता, ओळखपत्र हवं होतं, फ्रीझरची पावती हवी होती आणि तो घरात कुठे बसणार याचा नकाशा हवा होता. मी आमच्या ऑफिसच्या ड्राफ्ट्समनकडून मोठ्या कागदावर रीतसर नकाशा काढून घेतला. एजंटने तो दोन मिनिटं निरखला आणि उत्तर दिशा दाखवलेली नाही म्हणून परत केला. उत्तर दिशा घालून नेला, तर फ्रीझरवर विजेच्या बचतीचे तारे किती, असं विचारलं. ताऱ्यांचा कागद अर्धा फाटलेला होता. मी दोन सांगितले. मग एवढ्या मोठ्या फ्रीझरमध्ये घरगुती माणूस काय ठेवणार, तुम्ही हॉटेल तर चालवत नाही ना, असा प्रश्न आला. मी म्हणालो, माझी आई वर्षाचं जेवण करून ठेवणार आहे. एजंटने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की शिक्का मारणारा माणूस सुट्टीवर आहे, सोमवारी येईल, इन्शाल्ला.

तो सोमवार पुढच्या आठवड्यातला होता. नऊ दिवस आमचा फ्रीझर पार्किंगमध्ये पांढरं कापड पांघरून उभा होता. वसंतरावांनी त्याच्यासाठी पत्र्याचा आडोसा केला, वरच्या मजल्यावरच्या केरळी नर्स येता-जाता त्याच्यावर सामानाच्या पिशव्या टेकवू लागल्या, आणि आई रोज संध्याकाळी खाली जाऊन झाकण उघडून बघून यायची. साठातले नऊ दिवस गेले म्हणून ती हळहळत होती. सोमवारी शिक्क्याचा माणूस आला आणि त्याने नकाशा, तारे, पावती, काहीही न बघता शिक्का मारला.

फ्रीझर किचनच्या दारापेक्षा दोन बोटं रुंद निघाला. नकाशात हे नव्हतं, नकाशात फक्त उत्तर होती. त्यामुळे तो हॉलमध्ये सोफ्याशेजारी बसला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि फुलदाणी ठेवली. त्याच्या घरघरीमुळे टीव्हीचा आवाज चार खुणांनी वाढवावा लागला, पण आईला रात्री त्या आवाजाने झोप लागते असं ती म्हणायची.

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात जे चाललं त्याला स्वयंपाक म्हणणं कमी पडेल. मुसाफ्फाच्या बाजारातून मी पोत्याने खोबरं आणलं, पेट्यांनी आंबे आणले. प्रमिलाताई मदतीला यायच्या. वसंतराव चव बघायला यायचे. ओवीला आईने डबे मोजायला आणि चिकटपट्टीवर नावं लिहायला बसवलं. ती इंग्लिशमध्ये लिहायची आणि आजी मराठीत सांगायची, आणि महिनाभरात त्या दोघींचं काहीतरी निराळंच जमून गेलं. एकदा मी ऑफिसातून आलो तर ओवी ओट्याशी स्टुलावर उभी राहून पुरण वाटत होती आणि वाटता वाटता खात होती. मी काही बोलणार तोच ईश्वरीने मला डोळ्यांनी दटावलं. ईश्वरी दोन महिने स्वतःच्याच किचनमध्ये पाहुणी झाली होती. पण ती मला म्हणाली, "जाऊ दे रे. त्या पोरीसाठी करतायत."

निघायच्या आदल्या संध्याकाळी फ्रीझर काठोकाठ भरला. आईने झाकण लावलं, त्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, झालं माझं.

शनिवारी सकाळी दुबईहून पुण्याचं विमान होतं. तिला सोडून आम्ही तसेच शारजाला, ईश्वरीच्या भावाकडे, अनिलकडे राहणार होतो आणि रविवारी परतणार होतो. सामान गाडीत गेलं, मी गाडीत बसलो, ईश्वरी बसली. आई आणि ओवी मागे राहिल्या होत्या, घर बघायला. घराबाहेर पडताना शेवटी एकदा घर बघायचं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. नळ बंद, गॅस बंद, खिडक्या बंद. बार्शीत आमची आई दोन दिवसांसाठी जरी लातूरला गेली तरी असं बघितल्याशिवाय पाऊल उचलत नाही, आणि मला लहानपणी हे इतक्या वेळा घडताना दिसलं आहे की त्यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. दहा मिनिटांनी दोघी हात धरून आल्या. विमानतळावर आईने ओवीचे खूप मुके घेतले, मला म्हणाली वजन कमी कर, आणि व्हीलचेअरवर बसून आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र ती दिसेनाशी झाल्यावरही तिथे बराच वेळ उभा राहिलो.

रविवारी दुपारी तीनला आम्ही घरी आलो. घर भट्टीसारखं तापलं होतं, कारण एसी बंद होता, आणि तो बंद असणं योग्यच होतं. मी एसी लावला. टीव्ही लावायला गेलो तर आवाज चार खुणा जास्त वाटला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फ्रीझर घरघरत नाहीये.

झाकण उघडलं. वरचे डबे हाताला मऊ लागले. खोबऱ्याच्या पिशव्यांना पाणी सुटलं होतं. मधले डबे गार होते पण सुटले होते, तळाच्यांतही दाबल्यावर बोट रुतत होतं, आणि हे सगळं किती वेळ टिकणार हे सांगायला थंडीच्या धंद्यातला माणूस लागत नव्हता. ईश्वरी सोफ्यावर बसली. मी मात्र तिथेच अंगात आल्यासारखा कामाला लागलो. स्क्रू-ड्रायव्हर आणून फ्रीझरची मागची जाळी खोलली, सहा स्क्रू काढले, त्यातला एक सोफ्याखाली गेला तो गेलाच. कॉम्प्रेसरवर हात ठेवला. कॉम्प्रेसर गार होता. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता येईना, पण मी वाईट धरलं आणि रिझवानभाईंना फोन केला. मी त्यांना हिंदीत खूप बोललो. जुना माल, बुढी माँ, अल्लाला काय तोंड दाखवाल, इथपर्यंत गेलो. ते मुसाफ्फात भावाकडेच होते. म्हणाले, आता हूँ.

वीस मिनिटांत ते आले. तोवर वसंतराव, प्रमिलाताई आणि दोन नर्स हॉलमध्ये जमले होते. रिझवानभाईंनी खोललेली जाळी पाहिली, सोफ्यावर ओळीने मांडलेले पाच स्क्रू पाहिले. मग ते वाकले, क्रोशाच्या रुमालाचं टोक बाजूला केलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. फ्रीझर घरघरू लागला. "आप एसी लाइन में हैं ना?" त्यांनी मला अगदी साध्या कुतूहलाने विचारलं. वसंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला त्या क्षणी त्या हाताचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

ओवी दारात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आजी स्विच्ड एव्हरीथिंग ऑफ. आय हेल्प्ड."

किचनमधल्या फ्रिजचं बटण ओट्याच्या मागे आहे, तिथे त्या दोघींचा हात पोचला नव्हता. बाकी घरातलं एकूण एक बटण त्यांनी बंद केलं होतं. म्हणजे आईने साठ दिवसांत जे केलं होतं ते जाता जाता स्वतःच्या हाताने विझवून ती गेली होती. माझा सगळा राग उतरला. मला एवढंच दिसत होतं की हे तिला कळलं तर ती काय करेल. ती ओरडणार नाही, रडणारही नाही. ती फक्त म्हणेल, बघ, आता माझ्या हातून हेसुद्धा होत नाही. आणि मग ती खरंच कधी येणार नाही.

वसंतराव म्हणाले, घाबरू नका, पुन्हा गोठवा, एकतीस वर्षांत मी... इथे प्रमिलाताईंनी त्यांना पहिल्यांदाच मध्ये तोडलं. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही, माणसं आजारी पडतील. जे आहे ते आत्ता गरम करायचं आणि आत्ता संपवायचं. असं म्हणून त्यांनी पदर खोचला. ईश्वरी उठली. दोन्ही नर्स वर जाऊन आपल्या चार मैत्रिणींना आणि दोन शेगड्यांना घेऊन आल्या. आईच्या वर्षाचं एका संध्याकाळी संपवायचं ठरलं.

संध्याकाळी सहाला अंगणात सतरंज्या पडल्या. व्हिलातली पाच कुटुंबं, नातूर आणि त्याचे शेजारच्या व्हिलांतले तीन सोबती, रिझवानभाई आणि त्यांचा भाऊ, पाण्याच्या बाटल्या पोचवायला आलेला माणूस, सगळे बसले. घामाने सगळे निथळत होते आणि कोणी उठत नव्हतं. मासवडी म्हणजे मासा नाही हे मी चाळीस वेळा सांगितलं. रिझवानभाईंनी चार गुळपोळ्या खाल्ल्या आणि पाचवी रुमालात बांधून घेतली. नातूरने पुरण नुसतं चमच्याने खाल्लं, डोळे मिटून. ओवी वाढत होती. आमची ओवी, जी पाहुणे आले की टॅब घेऊन आतल्या खोलीत जाते, ती पंगतीत फिरून "आणखी?" असं विचारत होती, आणि ज्यांना मराठी येत नव्हतं तेही हो म्हणत होते. साडेसातपर्यंत सगळे डबे रिकामे झाले. मला कधी नव्हे ते फार बरं वाटलं, आणि लगेच आई आठवून तितकंच वाईट वाटलं.

आईला सांगायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं.

हे ठरवणं सोपं होतं. पण आईचा रोज साडेआठला व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, आज काय काढलं. पहिल्या दिवशी मी अळूवडी सांगितली. ती म्हणाली, दाखव. फोन फ्रीझ झालाय असं सांगून मी कापला. दुसऱ्या दिवशी ईश्वरी फार्मसीतून येताना अळूची पानं घेऊन आली. तिने आयुष्यात अळूवडी केली नव्हती. प्रमिलाताईंनी भिंतीच्या पलीकडून सूचना दिल्या, मी उंडे बांधले, ओवीने दोरा गुंडाळला. साडेआठला आम्ही फोनसमोर ताट धरलं. आई म्हणाली, जरा जाड झालीय, पण ठीक. तिसऱ्या दिवशी मासवडी. चौथ्या दिवशी पुरण. एखादी संध्याकाळ वाचवावी म्हणून मी वरणभात खाल्ला असं सांगितलं तर ती म्हणे, मग मी केलं कशाला. अशा तऱ्हेने, आईचं आयतं खायचं म्हणून सुरू झालेल्या बेतात आम्ही तिघं रोज दोन तास ओट्याशी उभे राहू लागलो. रिकामा फ्रीझर हॉलमध्ये घरघरत होता, कारण आवाज नसता तर आईला फोनवर कळलं असतं.

असे तीन आठवडे गेले. एकविसाव्या दिवशी कोथिंबीरवडी होती. ओवीने ताट फोनसमोर धरलं होतं. आई बघत होती, नेहमीसारखी चष्मा पुसून. आणि काय झालं कळलं नाही, ओवीने ताट खाली ठेवलं.

"आजी," ती म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधून. "तुझं सगळं संपलं. दुसऱ्याच दिवशी. बटण बंद झालं होतं. हॉलचं मी केलं. तू नाही केलं. मी."

हॉलचं बटण खरोखर कोणी बंद केलं ते मला आजही माहीत नाही. मी ओवीला विचारलेलं नाही. त्या वेळी मी फक्त फोनवर आईचा चेहरा पाहत होतो. ईश्वरीने ओवीला जवळ घेतलं. आईने चष्मा काढून पुन्हा पुसला.

मग तिने विचारलं, "टाकून दिलंत?"

"नो. नाही," ओवी म्हणाली. "सगळ्यांनी खाल्लं." आणि बोटांवर मोजत तिने सांगायला सुरुवात केली. नर्स आंटी सहा. नातूर अंकल आणि त्यांचे फ्रेंड्स. रिझवान अंकल, त्यांचा ब्रदर. वॉटरवाले अंकल. वसंतआजोबा दोनदा. हाताची बोटं संपली तेव्हा ईश्वरीने आपला हात पुढे केला. आई मध्येच थांबवून विचारत होती, नातूर म्हणजे कोण, त्याने काय घेतलं, पुरण त्याला आवडलं का, नुसतं खाल्लं की तुपाबरोबर. शेवटी तिने विचारलं, उपाशी कोणी उठलं नाही ना. ओवी म्हणाली, नाही. मग खालच्या मानेने ती म्हणाली, "पण आता तुझं काहीच नाही इथे. तू ये ना."

आई उठली. फोन तिने तसाच टेबलावर ठेवला, त्यामुळे आम्हाला बार्शीच्या घराचा फिरता पंखा दिसत राहिला. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं. ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आई रडायला आत गेली.

पाचेक मिनिटांनी पंख्याच्या जागी तिचा चेहरा आला. हातात निळं पुस्तक होतं आणि ती ते डोळ्यांजवळ धरून वाचत होती.

"उपेंद्र," ती म्हणाली, "हा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. नवा काढायला सोलापूरला जावं लागतं की पुण्याला, तेवढं विचारून सांग. मला उद्याच जायचंय."